अपूर्णांक शेवटचे नवे (२)

बुरुलचा एजे गेल्या, त्यांची खोली
अर्ध्या दिवसात रिकामी झाली.
दोन स्वेटर, एक किटली,
नसलेल्या देशाच्या सीमा दाखवणारा एक नकाशा.
शाळेतला त्यांचा संगणक रिकामा करायला
मी चार वर्षांपूर्वी बसले.
अजून बसलेलीच आहे.

एजे म्हणजे थोरली बहीण.
आमच्या आत-बाशीत बाईंनाही तीच हाक.

पडद्यावर 'नवीन फोल्डर', त्यात 'नवीन फोल्डर',
त्यात 'जुनं', त्यात 'याला हात लावू नका',
आणि त्यात, एवढं सगळं उघडून,
सहावीच्या चाचण्या.
अपूर्णांक.
अपूर्णांक नवे.
अपूर्णांक शेवटचे.
अपूर्णांक शेवटचे नवे (२).

नारीनहून पत्र आलं: सर्व्हरवर जागा नाही,
प्रत्येक धड्याची एकच प्रत ठेवावी,
बाकीच्या पुसून तसं कळवावं.
हिवाळी सुट्टीत कोळसा पेटवला, टोपी कानांवर ओढली
आणि बारा सारख्या फायली
एकीशेजारी एक उघडून बसले.

सारख्या कुठल्या?
एकीत स्वल्पविराम जास्त.
एकीत अक्षरं टपोरी,
त्या वर्षी कुणाचा तरी चष्मा फुटला असणार.
एकीत दर ओळीनंतर रिकामी जागा,
म्हणजे तेव्हा वह्या आल्या नव्हत्या,
पोरांनी पानावरच लिहिलं.
गणित मात्र बाराही ठिकाणी तेच:

तोलोगोनकडे एक नान आहे.
त्याने तिचे आठ सारखे तुकडे केले.
तीन भावाला दिले.
तोलोगोनकडे किती नान उरली?

मी वर्ष बदललं, फक्त वर्ष,
आणि बर्फाने रस्ता धरला होता म्हणून
पान पोरांच्या घरी फोनवर पाठवलं.

जाइनाच्या घरी फोन एकच, बापाचा.
तो मेंढ्यांनी भरलेला:
विकायच्या मेंढ्या, विकलेल्या मेंढ्या,
एक हरवलेली, तिची सात छायाचित्रं,
आणि मेहुणीचं तीन तासांचं लग्न.
त्याने लग्नातला जेवणानंतरचा भाग पुसला
तेव्हा कुठे अपूर्णांक घरात आले.

पोरगी मोठ्याने वाचायला लागली.
बाप खोगिराचा पट्टा शिवत होता.
"आठातले पाच," तो म्हणाला. मान वर न करता.
मग सुई थांबली.
"पुन्हा वाच. नाव वाच."

हे मला कळलं ते त्याच्या निरोपातून.
बेचाळीस सेकंद, त्यातला निम्मा कुत्रा.
'बाई, तो तोलोगोन मीच.
मला भाऊ नव्हता. मी एजेंना तसं सांगितलंही.
त्या म्हणाल्या, गणितात आहे.
जा, त्याला वाढ.
दुसऱ्या दिवशी डब्यातले तीन तुकडे
मी खरंच बाजूला काढले. एर्किनबेकने खाल्ले.
ट्रक आता आमचा दोघांचा आहे.'

मी फाईलीची माहिती उघडली.
तयार करणार: बुरुलचा, मधलं अक्षर चुकलेलं.
शेवटचा बदल: माझं नाव.
एका रकान्यात आम्ही दोघी,
एवढ्या जवळ शिक्षकांच्या खोलीतही
कधी बसलो नव्हतो.

नारीनला कळवलं: अकरा पुसल्या.
खोटं नाही. पुसल्याच.
आधी त्या माझ्या जुन्या पेनड्राइव्हवर घेतल्या,
त्याचं टोपण हरवलंय, दोऱ्याने बांधून
किल्ल्यांच्या जुडग्यात ठेवलाय.
बेचाळीस सेकंदही त्यातच. कुत्र्यासकट.

सुट्टी संपली. जाइनाने उत्तरपत्रिका दिली,
उत्तर बरोबर, आणि खाली बारीक अक्षरात:
एजे, पुढच्या वर्षी
त्याला एक बहीणपण द्या ना.

मग दिली.
दोन तुकडे तिचे.
तोलोगोनकडे आता तीनच उरतात,
उत्तरसूची बदलावी लागली.

साठवताना संगणकाने विचारलं, जुनीवर लिहू का?
नको म्हटलं.
शेवटचे नवे (३).