बैसा आणि रियाल

हजार बैसांचा एक रियाल होतो.
सोहारला आल्यावर पहिल्याच आठवड्यात हा हिशेब शिकले.
तेव्हा घरात दोन्ही नव्हते,
पाकिटातही बेताचेच.

मांजर आधी आलं.
एसीची नळी दिवसभर गळते तिथे
जीभ लावून बसलेलं, मुठीएवढं, वाळूच्याच रंगाचं.
इतकं सुटं, की नाव ठेवलं बैसा.
कुत्रा दोन वर्षांनी. सलीम अल-बलुशींच्या शेतावरून
निवृत्त झालेला, खरं तर काढून टाकलेला.
बकऱ्याच त्याला ढुशा मारायच्या म्हणे.
थोराड म्हणून रियाल.

तेव्हा लक्षात आलं नाही.
मी कुत्र्याला म्हणते, "बैस!"
तो उभाच.
मांजर कपाटावरून उतरून येतं,
काय काम आहे, अशा चेहऱ्यानं.
कुत्र्याला कळतं फक्त "तआल".
तेही माझ्या तोंडून रत्नागिरीचं निघतं,
म्हणून अर्ध्या वाटेत थांबून तो विचार करतो.

मे लागला की पहाटे साडेतीनचा गजर.
खाली जाऊन डांबराला हाताची उलटी बाजू लावायची,
सातापर्यंत मोजायचं.
पाचालाच हात उचलला तर घरी परत.
मग तो बाल्कनीत उरकतो
आणि मी भिंतीकडे बघते.

तो लिफ्टमध्ये असला की चौथ्या मजल्यावरची शैलजा
जिना उतरते, गुडघे धरून, माझ्याकडे बघत.
वॉचमन मोतालेब कानात सांगतो,
"भाभी, सोमवारी मालक."
सोमवारी मी आणि रियाल
समुद्राकाठच्या रस्त्यावर गाडीत, एसी लावून,
दुपारभर कुठेच न जाता पेट्रोल जाळतो.

केस डाळीत. केस इस्त्रीच्या घडीत.
उल्हासच्या रेसिडेंट कार्डावरच्या फोटोत
डाव्या खांद्यावर एक पांढरा केस आहे,
सरकारने मंजूर केलेला.

बैसाची लघवी अडली तेव्हा मस्कत गाठलं,
दोनशे किलोमीटर, बरकापर्यंत ते रडत होतं,
पुढे गप्प झालं, ते जास्त वाईट.
बिल एकशे चाळीस.
उल्हास पावती घडी करत म्हणाला,
एका बैसाला एकशे चाळीस रियाल.
विनिमयाचा दर बिघडलाय.
आणि वळून खिडकीकडे बराच वेळ नाक शिंकरलं.

निनाद पुण्याला शिकायला गेला.
फोन करतो, म्हणतो, "आई, फोन खाली धर."
मी खाली धरते. जेवलास का,
हे मी कुत्र्याच्या डोक्यावरून विचारते.

जुलैत एका रात्री अख्ख्या गल्लीची वीज गेली.
अकरा वाजता चाळीस डिग्री.
उल्हास प्लांटवर, नाइटला.
जन्मात कधी तीन फुटांच्या आत न आलेले हे दोघे
न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर
पाठीला पाठ लावून पडले होते.
मी दारात उभी राहिले, मग साडी-बिडी काही न बघता
उरलेल्या जागेत आडवी झाले.
अंधारात तीन पोटं वरखाली.
एक जण घोरत होतं. मी नसावे.

आता कंत्राट संपलंय.
कंपनीच्या कागदावर ग्रॅच्युइटी, रजेचे दिवस,
दोन तिकिटं, तीस-तीस किलो.
सव्वीस किलोचा रियाल आणि साडेचारचा बैसा
कुठल्याच रकान्यात नाहीत.

काल पिंजऱ्यासाठी माप घ्यायला बसले.
नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत,
जमिनीपासून कानाच्या टोकापर्यंत.
आत उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, असा नियम आहे.
टेप धरली की रियाल गोल फिरतो, त्याला खेळ वाटतो.
"अरे, बैस," मी म्हटलं. "जरा बैस रे."

मांजर आलं,
आणि टेपवर बसलं,
नेमकं एकशे चारच्या आकड्यावर.