दाराच्या आतली बाजू

काचेच्या हँडलमागची क्लिप काढायला
चिंधी घालायची आणि ओढायची पुढेमागे,
बूट पुसल्यासारखी.
मग ती टुण्णकन उडते.
सुदामानगरच्या आमच्या गल्लीत ती शोधायला
दोन पोरं लागली आणि एक भंगारवाला.

चौऱ्याण्णवची मारुती. दार वाजतं.
गॅरेजात म्हणाले, भिया, बजने दो,
गाड़ी है तो बजेगी.

स्क्रू ठेवले पोह्यांच्या रिकाम्या द्रोणात.
पट्टी नव्हती, म्हणून उलथनं घेतलं,
शालिनीला न विचारता.
खालच्या कडेनं शिरलो, एकेक बटण
कट्ट, कट्ट, सोडवत.
चौथं तुटलं.

पॅनेल उलटं केलं मांडीवर.
ओलीनं पापडासारखा फुगलेला पुठ्ठा,
काचेच्या फटीतून पडलेलं चार आण्याचं नाणं,
आणि कोपऱ्यात निळ्या बॉलपेननं:
“एक क्लिप टूट गई.
सेठ को नहीं बताया.
गोवर्धन, ९९.”

ऊन पायांवरून गुडघ्यांपर्यंत आलं.
आतून शालिनी विचारत होती,
पराठे उलटायचे कशानं?

मी पेन शोधलं. त्याच्याच खाली लिहिलं:
आणखी एक.
उलथन्याचंही सांगितलेलं नाही.

मग पॅनेल लावलं जागच्या जागी,
मुठीनं ठोकत, वरून खाली,
जिथे दोन बटणं नाहीत तिथे जरा हलक्या हातानं.
द्रोणात एक स्क्रू उरला. कुठला, कळेना.

दार वाजतंच अजून.
कृष्णपुऱ्याच्या पुलावर खड्डा आला
की मी म्हणतो,
हो रे, गोवर्धन.
शेजारी बसलेली शालिनी म्हणते,
कोण?