उद्यमबागेतला काउंटर

समिधा, तू विचारलंस, इलेक्ट्रॉनिक्स घेऊ की कॉम्प्युटर,
आणि मी सोल्डरच्या धुराकडे बघत बसलो.
तुझ्या आईला वाटलं, मामा विचार करतोय.
खरं मला ईरण्णा हुक्केरी आठवत होता.

पॉलिटेक्निकात आमचं पुस्तक इंग्रजीत.
त्याला मराठी येत नव्हती,
मला कन्नड बसमध्ये पुढं सरकायपुरती,
आणि इंग्रजी दोघांनाही सारखीच नव्हती.
ट्रुथ टेबल पाठ केलं ते असं:
दिवा लागला की तो म्हणायचा, ऐती. मी लिहायचो एक.
विझला की, इल्ला. शून्य.
अख्खं पहिलं सेमिस्टर
आहे आणि नाही, एवढ्या दोन शब्दांवर निघालं.

हत्तरगी मॅडमनी फळ्यावर सोळा घरं आखली, कार्नो मॅप.
म्हणाल्या, डावी कड उजव्या कडेची शेजारीण आहे,
कागद बांगडीसारखा वळवून बघा.
आणि जिथं उत्तर काहीही आलं तरी चालतं
तिथं मारा फुली. डोन्ट केअर.
सोयीनं एक धरा, सोयीनं शून्य, सर्किट स्वस्तात पडतं.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
त्या महिन्यात आमच्या गावाची पाटी
दोनदा रंगवून झाली होती.
मी फुली मारली. चार मार्कांचं होतं.

मग उद्यमबाग. प्रेस शॉप. पगार साडेअठराशे.
तीन नंबरच्या प्रेसचा काउंटर
एका ठोक्याला कधी दोन मोजायचा, कधी चार.
लिमिट स्विचची पत्ती मिटताना थरथरते,
आपल्याला दिसत नाही,
चिपला प्रत्येक थरथर नवा ठोका वाटते.
याला बाउन्स म्हणतात.
एक रेझिस्टर, एक कपॅसिटर, एक श्मिट ट्रिगर,
म्हणजे चिपला वीस मिलिसेकंद दम धरायला शिकवायचं.
सव्वासात रुपयांचं काम.
मालकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली,
दोनशे रुपये वाढवले.
मी रात्री आईला फोनवर बाउन्स समजावून सांगत होतो, एसटीडी बूथवरनं.

त्या प्रेसवर पिराजी मुतगेकर होता. नगावर मजुरी.
चार महिने काउंटर त्याच्या बाजूनं थरथरला होता,
पोरीचे शाळेचे बूट त्यातूनच आले होते, हे मला नंतर कळलं.
शनिवारी पाकीट मोजून तो सरळ माझ्याकडे आला.
मला वाटलं, भांडतोय आता.
हात पुसले. म्हणाला,
आता बरोबर मोजतंय काय?
होय, म्हटलं.
न्हाई, तसं न्हवं. गेल्या साली हेच यंत्र
धा ठोक्याला सात मोजत हुतं. वर्षभर.
तवा का न्हाई आणलं तुला कुणी?

मी खिशातला टेस्टर काढला, परत ठेवला.

पुढचं तुला माहीत आहे. नोकरी करत बी.ई.,
बेंगळूरला अकरा वर्षं, एफपीजीए, नॅनोसेकंदांची भांडणं,
ज्या ऑफिसात ईरण्णापेक्षा माझी कन्नड बरी आहे
असं ईरण्णाच सांगत फिरायचा.
मोठमोठ्या चुका शोधल्या तिथं. पैसे बरे मिळाले.
त्या सव्वासात रुपयांचा हिशेब तेवढा लागला नाही.

तर इलेक्ट्रॉनिक्स घे. नाहीतर कॉम्प्युटर घे.
खरं मोकळी पिन तशीच तरंगत सोडू नकोस,
ती हवेतला कुणाचाही आवाज आपला समजते.
कन्नड नीट शीक, लिहायलासुद्धा.
डेटाशीटच्या तळटीपा आधी वाच, खोटं तिथं बोलत नाहीत.
आणि कुणी काउंटर दुरुस्त करायला बोलावलं
तर जा, दुरुस्तही कर,
जाता जाता एवढं विचार की कधीपासून बिघडलाय.

फॉर्मची तारीख मंगळवार आहे ना?
सोमवारी ये. माझा जुना ब्रेडबोर्ड काढून ठेवतो.
त्याची पाचवी ओळ लागत नाही,
तेवढी सोडून जोड.