कडेचा भार

कागायानच्या खोऱ्यात, नदीपासून थोडं वर,
एका वाटेवर मी सतरा खड्डे खणले.
माती पोत्यांत भरली, चिठ्ठ्या बांधल्या, शहरात पाठवली.
आठवड्यानं उत्तर आलं :
कोरडी असताना बरी, भिजली की लोणी.

म्हणजे खाली खडी, वर पंधरा सेंटिमीटर काँक्रीट.
दर साडेचार मीटरला एक काप.
तडा जायचाच असतो,
आपण त्याला फक्त जागा नेमून देतो.

दोन दिवस फाट्यावर बसून रहदारी मोजली.
ट्रायसिकल एकशेचार,
हातट्रॅक्टरच्या गाड्या एकतीस,
मक्याचे ट्रक सहा.
खांद्यावरून गेलेली एक शवपेटी.
ती धरली नाही.

नमुन्याची लादी ओतली त्या दिवशी
पोरं ओल्या पृष्ठावर खराटा ओढत होती,
आडव्या रेघा, चाक घसरू नये म्हणून.
आपो इलुमिनादा काठी टेकत आली, वाकली,
रेघेत नख घालून म्हणाली,
"यात माझा दाणा अडकेल."
मी म्हटलं, आपो, हा रस्ता आहे.
"हो ना. मग खळं कुठंय?"

ऑक्टोबरात पलीकडच्या गावी गेलो.
तिथला रस्ता माझाच, चार वर्षांचा.
डावी बाजू भातानं झाकलेली, नजर पोचेल तिथवर.
कडेला दगड मांडलेले, मध्येच एक खुर्ची,
खुर्चीला बांधलेली छत्री, छत्रीखाली कोणी नाही.
ट्रक उजवीकडून जात होते.
जाणारे उजवीकडून, येणारेही तिकडूनच,
चाक अगदी काठावर,
जिथं लादी सगळ्यात दुबळी असते.
उजवे कोपरे फुटलेले.
डावीकडे एक ओरखडा नाही.

माझ्या तक्त्यात भार दोन्हीकडे निम्मा निम्मा होता.
वाटणी मी केली होती,
वाटेकऱ्यांना न विचारता.

त्या रात्री सगळी चाकं एका काठावर आणली
आणि पुन्हा बेरीज मांडली.
अठरा सेंटिमीटर. काठाला आणखी थोडं.
कार्यालयानं वाढीव सिमेंटचं कारण विचारलं.
मी लिहिलं : मार्च आणि ऑक्टोबर.
किलांग साहेबांचा फोन आला,
"महिना हे काय कारण झालं?"
म्हटलं, या एकदा ऑक्टोबरात. चालून बघा.
बूट मात्र काढावे लागतील.

डावीकडे खराटा हलका ओढायचा ठरला.
"हलका म्हणजे किती?" फोरमन सिक्स्टोनं विचारलं.
मी इलुमिनादाकडे बघितलं.
तिनं तळहात हवेत आडवा फिरवला,
ताटातले तांदूळ सारखे करावेत तसा.
एवढा.
सिक्स्टोला लगेच कळलं.

मग ओली पोती, पाणी, पुन्हा पाणी,
आणि अठ्ठावीस दिवस कुणी पाऊल टाकायचं नाही,
अशी दवंडी.

कोंबडीला कुणी सांगितलं नाही.
तिसऱ्या लादीवर तिची बोटं आहेत,
उजवीकडून डावीकडे,
अजून न आलेल्या भाताच्या दिशेनं.