तिसरं अक्षर

कार्ड पिवळं होतं, आता हळदीच्या बोटांचं झालंय.
डावी बाजू माझी : निळं, आडवं, घाईचं अक्षर,
तांडापेठेतल्या दवाखान्याचं,
जिथे भिंतीपलीकडे पॉवरलूम चालतो
आणि स्टेथोस्कोप कानात घातला
की आधी माग ऐकू येतो, मग माणूस.

उजवी बाजू मेडिकलची : काळं, बारीक, उभं.
त्या पोरीला मी कधी पाहिलं नाही.
पोरगी आहे, हाही माझा अंदाजच.
सातच्या आकड्याच्या पोटात ती आडवी रेघ मारते,
एवढीच ओळख.

चेतना हेडाऊ, वय तेवीस, पहिलटकरीण.
ठरलं असं होतं :
सातव्यापर्यंत माझ्याकडे, मग एक खेप इथे, एक तिथे.
वजन, रक्तदाब, पायांची सूज मी बघायची,
सोनोग्राफी, शंका आणि शेवटची रात्र त्यांची.
कागदावर वाटणी सोपी असते.
दोन जावांच्या चुलीही कागदावर वेगळ्याच असतात.

मी लिहिलं, सूज थोडी आहे, बघावी.
तिनं लिहिलं, पाहिली. लोह वाढवलं. ऊन टाळा.
मी हसले.
एप्रिलच्या नागपुरात ऊन टाळून माणसानं जायचं कुठे,
ओपीडीच्या रांगेत?
चेतना सकाळी सहालाच निघायची,
ओला दुपट्टा डोक्याला,
कार्ड मिठाईच्या दुकानाच्या पिशवीत,
मागून सासू, आंबिलाचा डबा सांभाळत.
'तुम्ही दोघी डॉक्टर एकमेकीले ओळखता काय जी?'
सासूनं एकदा विचारलं.
हो, म्हटलं. चांगल्या.

एका गुरुवारी कार्ड हातातून निसटलं आणि उलटं पडलं.
पाठीवर पेन्सिलीच्या रेघा,
चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी.
बाजूला तारखा.
हे काय गं?
ती लाजली. 'बाळ किती वेळा हाललं ते.
बाबा हातमागावर धागे असेच मोजायचे.'
छान, म्हटलं मी, आणि कार्ड सुलटं केलं.
मेडिकलमध्येही तिनं दाखवलं होतं म्हणे.
तिथेही कुणीतरी सुलटं केलं.

सदतिसावा आठवडा. माझ्या बाजूला सगळं ठीक.
त्यांच्याही बाजूला सगळं ठीक.
शनिवार, दुपारचे दोन,
डांबर चपलेला चिकटणारं,
कूलरमधलं पाणी कधीच आटलेलं.
ती एकटीच आली. बसली नाही.
'काल अठ्ठावीस होत्या मॅडम. आज चारच.'

डॉप्लर लावला. लूमच ऐकू आला.
मी तशीच उठले, पलीकडच्या दारात गेले,
नंदेश्वरांना म्हटलं, बंद करा, आत्ता.
त्यांनी खटका ओढला,
आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा
त्या भिंतीतून काहीच आलं नाही.
मग ठोके. एकशे दहा.
मग पंचाण्णव.

चिठ्ठी लिहायला घेतली, फाडली.
उजव्या कोपऱ्यातला नंबर लावला,
सहा महिने नुसताच वाचलेला.
मी नाव सांगितलं. तिला कळलं नाही.
चेतनाचं सांगितलं,
तेव्हा पलीकडून : 'निळं अक्षर? पाठवा मॅडम.
मी दारातच उभी राहते.'

मुलगी झाली. दोन किलो तीनशे.
नाळेचे दोन वेढे गळ्याला.

सव्वा महिन्यानं कार्ड परत आलं.
काळ्या अक्षरात शेवटची ओळ :
मागची बाजू आधी वाचायला हवी होती.
खाली सही नाही.
मी निळ्या पेनानं तिथेच लिहिलं : मीही.

मग उलटं केलं.
पेन्सिल थांबलेलीच नव्हती,
चार उभ्या, एक आडवी, थेट कडेपर्यंत,
पुढे जागा नाही म्हणून पिशवीवरसुद्धा.
'आता काय मोजतेस?'
'दूध,' ती म्हणाली,
आणि पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.