रकाना क्रमांक अकरा

मुदत मध्यरात्रीपर्यंत. पण मध्यरात्र त्यांची.
राजारामपुरीत तोवर साडेतीन वाजतील,
दुधाचे टेम्पो सुटलेले असतील.

मसाई पठारावरची खरतुडी
तीनशे शब्दांत मावली :
कंदिलासारखं फूल, आत अडकणारी माशी,
एकूण झाडं एक्केचाळीस.
एक्केचाळीसच? असं अर्ज विचारत नाही.
तो विचारतो, लाभार्थी किती.

दौलू झोरेची रोजंदारी युरोत मांडली
तर इतकी बारकी झाली
की मी दशांशचिन्ह दोनदा तपासलं.

रकाना अकरा : प्रजातीला धोका कुणाचा?
यादीत पर्याय आहे, 'स्थानिक गुराखी'.
खोटं नाही. दौलूनंच सांगितलेलं,
सड्यावर उकिडवा बसून, काठीनं माती उकरत,
"बारका असताना लई खाल्लेत बघा बाई ह्ये कंद.
ग्वाड लागत्यात.
म्हनून तर जागा ठाव्या हाईत."

रकाना बारा : स्थानिक भागीदार.
तिथं त्याचं नाव मी आधीच भरलंय,
आधार कार्डावरचं, दौलतराव असं.

एकच माणूस दोन्हीकडे चालत नाही.
तांबडी ओळ येते.
मी चहा ठेवते, तो उतू जातो,
गॅस पुसून परत येते तरी ओळ तिथंच.

तीन वाजून दहा.
अकरामध्ये 'इतर' निवडते
आणि उघडलेल्या चौकटीत लिहिते :
भूक. साधारण बहात्तर सालची.
त्या वेळी तुमचा निधी
या पठारावर आला नव्हता.

दुसरं वाक्य खोडते.
चौकट सांगते,
अजून चारशे साठ अक्षरं शिल्लक.