कोपरे

राजारामपुरीतल्या आमच्या घरात
सव्वीस वर्षांत चौघी येऊन गेल्या.

पहिल्या छबूताई. फरशी पुसताना
साऱ्या पुढाऱ्यांचा उद्धार करायच्या,
बादलीतलं पाणी मात्र एकदाच बदलायच्या.
मग बानूबी. पंख्याचं पातं जुन्या अभ्र्यात घालून
अलगद ओढायला तिनंच शिकवलं,
धूळ आतल्या आत.
एक पोरगी चारच दिवस आली.
तिचं नाव आठवत नाही,
तिनं फोडलेल्या बरणीची किंमत आठवते.

आणि मालन. चौदा वर्षं,
चिखलीहून सकाळची केएमटी.
काम संपलं की म्हणायची, ‘येतो वैनी.’
मी पुण्याची, सुरुवातीला हसायची
बाईमाणसाच्या त्या ‘येतो’ला.
आणि मागून रोज ओरडायची,
‘कोपरे राहिले गं!’

महापुराच्या साली नऊ दिवस आली नाही.
कॅलेंडरवर मी खाडे मांडत होते,
हात आपोआप जायचा.
पाणी उतरल्यावर फिनेलच्या दोन बाटल्या घेऊन
चिखली गाठली.
भिंतीवर छातीएवढी गाळाची रेघ,
दारात म्हशीचं नुसतं दावं.
काय बोलावं सुचेना,
पदर खोचला, खराटा उचलला.

तिनं बघितलं थोडा वेळ.
मग हातातून काढून घेतला.
‘ऱ्हाऊ द्या वैनी.
तुमचं कोपरं ऱ्हात्यात.’

हसली का, नक्की सांगता येत नाही.
तोंडाला पदर बांधलेला होता, वासामुळं.

बस यायला अवकाश होता.
तरी उठले, उंबऱ्यातून म्हणाले, ‘येतो.’
तिला ऐकू गेलं नसावं.
ती चुलीमागं वाकून
गाळ ओढत होती.